आंधळी गाठ

वाल्देसार्सात माणूस मेला की त्याच्याबद्दल दोन शब्द चांगले बोलावेत, मग ते खोटे का असेनात, अशी सगळ्या गावाला मुभा आहे. ती फक्त एकाला नाही. टिपऱ्या खेळणारा गेला, तर नाचात त्याच्यासमोर उभा राहणारा जो जोडीदार, त्याला सान रोके या गावच्या राखणदार संताच्या दिवशी, सोळा ऑगस्टला, देवाची पालखी चौकात टेकवलेली असताना, सगळ्यांदेखत दोन वाक्यं म्हणावी लागतात. “तो उभा राहिला. तो वेळेवर आला.” एवढं म्हणून त्यानं रिकाम्या जागेवर नवा माणूस बोलवायचा, की नाच पुढे सुरू. वाक्यं म्हटली नाहीत तर जागा भरत नाही, आणि आठजणांचा नाच सातांत होत नाही. आणि ही वाक्यं खोटी म्हणून चालत नाहीत. समोर देव असतो, त्याच्या पायाशी त्याचा कोरलेला कुत्रा असतो आणि मागे अख्खं गाव असतं. देव एक वेळ काणाडोळा करील, गाव करत नाही.

फेब्रुवारीत सातुर्यो छातीच्या दुखण्यानं गेला आणि ही दोन वाक्यं फ्रुतोसच्या वाट्याला आली. पहिल्याची त्याला अडचण नव्हती. सातुर्यो तेहतीस वर्षं त्याच्यासमोर उभा राहिला होता, ते कोण नाकारणार? अडचण दुसऱ्याची होती. गेली अकरा वर्षं फ्रुतोस गावभर नेमकं उलटं सांगत आला होता.

आमच्या नाचात अकरा तुकडे आहेत, त्यांना गाठी म्हणतात. दहा गाठींत माणूस समोरच्याकडे बघून टिपरी मारतो. अकरावी आंधळी. तिच्यात जोडीदार एकमेकांना पाठी लावून उभे राहतात, हात मागे नेतात आणि कमरेमागे, न बघता, टिपरीवर टिपरी मारतात. चौदा वेळा. तिथे डोळ्यांचा काही उपयोग नाही. ताशाचा ठोका मोजायचा, आणि मागचा माणूसही तोच मोजतोय यावर विसंबायचं.

अकरा वर्षांपूर्वी नवव्या ठोक्याला फ्रुतोसची टिपरी सातुर्योच्या टिपरीवर न पडता बोटांवर पडली. ओकचं लाकूड, त्यात फ्रुतोसचं मनगट. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मोडलं. सातुर्योनं उरलेले पाच ठोके मारले, देवाला पाठ न दाखवता मागे मागे सरकत देवळापर्यंत गेला, आणि मगच पायरीवर बसला. बोटं वाकडी जुळली. तेव्हा दोघंही पाइनच्या रानात राळ काढायचे. झाडाची साल तासायच्या कुऱ्हाडीला मूठ घट्ट लागते, आणि सातुर्योची मूठ पुन्हा पुरती मिटली नाही. त्यानं रान सोडलं आणि लोकांची मेंढरं राखायला घेतली.

त्या संध्याकाळी दारूच्या दुकानात फ्रुतोसनं सांगितलं, “उशीर केला त्यानं. मी ठोक्याला आलो, तर त्याची टिपरी जागेवर नाही.” कुणीतरी म्हणालं, प्यायला असेल. फ्रुतोस हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. आठवड्याभरात गावात ते पक्कं झालं: सातुर्यो पिऊन उभा राहिला आणि बोटं घालवून बसला. सातुर्योच्या कानावर ते गेलंच. टिपऱ्यांतलं दुखणं टिपऱ्यांतच ठेवायचं, त्याचा बोभाटा करायचा नाही, असा आमच्याकडे दंडक आहे. सातुर्यो एकटाच तो पाळत बसला. फ्रुतोसशी मात्र त्यानं पुन्हा शब्द काढला नाही. तरी दर ऑगस्टला दोघं समोरासमोर उभे राहायचे. त्यांचं बोलणं वर्षातून एकदा होतं आणि तेही लाकडानं, अशी गावात थट्टा चालायची.

हा नाच मुळात कुठून आला, हे विचारायला उन्हाळ्यात शहरातून शिकलेली माणसं येतात. एक म्हणाला, टिपऱ्या म्हणजे पूर्वीच्या तलवारी. दुसरा म्हणाला, छे, हा पेरणीचा नाच, लाकडं आपटून जमिनीला जागं करायचं. माउरोनं दोघांनाही “अगदी बरोबर” म्हटलं आणि दोघांचीही दारू प्यायली. माउरो हा नाचाचा म्होरक्या. वय अठ्ठ्याहत्तर, अंगात लाल-पिवळ्या ठिगळांचा डगला, हातात घोड्याच्या शेपटीचा चाबूक. तो एकदा पोटरीवर बसला की पाय पुन्हा चुकत नाही. खरी हकिगत गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. महामारीच्या साली आठजणांनी सान रोकेला गावाभोवती नाचत न्यायचा नवस केला. निघाले आठ, आणि चौकात येईपर्यंत त्यातला एक वाटेत कोसळला. त्याच्यासमोरचा गडी तसाच हवेत टिपरी मारत चौकापर्यंत आला. तिथे थांबून तो म्हणाला, तो उभा राहिला, तो वेळेवर आला. मग त्यानं गर्दीतून एकाचं नाव घेतलं, आणि ज्याचं घेतलं तो थरथरत का होईना, पुढे झाला. तेव्हापासून मेलेल्याची जागा भरायचा हक्क समोरच्याचा. त्यात माउरोला बोलता येत नाही, पाद्रीबाबाला नाही आणि सरपंचालाही नाही.

रिवाजाप्रमाणे सातुर्योच्या टिपऱ्या त्याच्या दाराशेजारी खिळ्याला टांगल्या होत्या. फ्रुतोसची रानाकडे जायची वाट त्या दारावरून जाते. मार्चपासून तो विहिरीला वळसा घालून जाऊ लागला. “तेवढेच पाय मोकळे होतात,” असं त्यानं बायकोला, तोमासाला, सांगितलं. दिवसभर रानात झाडामागून झाड हिंडणाऱ्या माणसाचे पाय आणखी किती मोकळे व्हायचे असतात, हे तोमासानं विचारलं नाही.

जुलैत खळ्यावर सराव सुरू झाला. गावात माणसं उरली होती कुठे? तरणेताठे सगळे बिल्बाओच्या नाहीतर माद्रिदच्या कारखान्यांत. फ्रुतोसनं आधी आपल्या भाच्याला, नीकानोरला, उभं केलं. तो माद्रिदला बस चालवायचा आणि रजेवर आला होता. दहा गाठी त्यानं बऱ्यापैकी निभावल्या. आंधळीला टिपऱ्या चुकायला लागल्या. एक आवाज यायचा तिथे दोन यायचे.

“लक्ष कुठंय तुझं? उशीर करतोस,” फ्रुतोस म्हणाला.

“ताशावरच मारतोय, मामा.”

“मग ताशा ऐकायला शीक.”

तिसऱ्या दिवशी नीकानोरच्या पेरावर टिपरी बसली. मोडलं नाही काही, पण त्यानं दोन्ही टिपऱ्या खाली ठेवल्या. “मामा, मला बसचं चाक धरायचंय. बोटं लागतात.” खळ्यावर सगळ्यांना कुणाची आठवण झाली ते सांगायला नको. नंतर गवंडी क्रेसेन्स्यो आला, आणि त्याच्यामागून शाळेचे मास्तर. दोघांची तीच गत. दोघांनाही फ्रुतोसनं तेच सुनावलं.

“तिघंही उशिराच येतात,” ताशावरचा लेआंद्रो कातडं पुसत पुटपुटला. “नवल आहे.”

फ्रुतोसनं ऐकलं न ऐकलंसं केलं.

अकरा ऑगस्टच्या संध्याकाळी तोमासानं लसणाच्या सूपमध्ये शिळ्या पावाचे तुकडे सोडले आणि म्हणाली, “एलादियाला बोलव.”

“कुठली एलादिया?”

“गावात अशा कितीशा आहेत? सातुर्योची. बेकरीतली.”

“बाईमाणूस टिपऱ्या खेळत नाही.”

“का?”

“का म्हणजे? नाही खेळत.”

“आठ बाप्ये पांढरे परकर नेसून, छातीवर रिबिनी बांधून गावभर उड्या मारतात, ते चालतं. ते परकर मी इस्त्री करते, तेही चालतं. आणि बाईनं परकर नेसला की देव कोपणार.”

“तुला त्यातलं काही कळत नाही.”

“नसेल कळत. सोळा तारीख पाच दिवसांवर आलीय आणि तुझ्यासमोर हवा उभी आहे, एवढं कळतं.” तिनं वाटी त्याच्यापुढे सरकवली. “तू बाईला भीत नाहीस, फ्रुतोस. तिच्या बापाबद्दल तिच्या तोंडावर काय बोलायचं, याला भितोस.”

फ्रुतोस सूप तसंच टाकून उठला. तोमासानं नेमकं बोट ठेवलं होतं. त्यानं मनाशी एक युक्ती करून ठेवली होती. चौकात घंटा वाजतात, आतषबाजीचे बाण उडतात. दुसरं वाक्य त्या गलक्यात तोंडातल्या तोंडात उरकायचं. समोर नीकानोर असता तर ते खपलं असतं. सातुर्योची मुलगी समोर उभी असताना ते कसं जमणार?

पण एलादियाला कुणी बोलवायची वेळच आली नाही. तेरा तारखेला दिवस मावळताना ती आपणहून खळ्यावर आली. सव्वीस वर्षांची पोर, केसांत पीठ, कोपरापर्यंत भाजल्याचे डाग, आणि हातात बापाच्या टिपऱ्या. माउरोनं चाबूकच उचलला.

“खिळ्यावरून काढल्यास? कुणाला विचारून?”

“खिळ्यावर उन्हानं लाकूड तडकायला लागलं होतं, आजोबा,” ती म्हणाली. मग फ्रुतोसकडे वळली. “काका, एकदा बघा. नाही जमलं तर परत टांगीन.”

सगळ्यांसमोर त्याला नाही म्हणवेना. “एकदाच,” तो म्हणाला.

रोज पहाटेपासून कणीक मळणारे हात होते ते. दहा गाठी तिनं अशा वाजवल्या, की तिसऱ्या-चौथ्या गाठीपासून बाकीचे सहाजण तिच्याकडे बघता बघता स्वतःच चुकायला लागले. मग आंधळी आली. दोघं पाठीला पाठ लावून उभे राहिले. तिची पाठ त्याच्या खांद्याखाली लागत होती. फ्रुतोसनं डोळे मिटले. एक, दोन, तीन. प्रत्येक ठोक्याला लाकडावर लाकूड, वाळली फांदी मोडावी तसा एकच कोरडा आवाज. नववा जवळ आला तशा त्यानं दरवर्षीप्रमाणे टिपऱ्या घट्ट धरल्या. नववाही नीट पडला. दहावा, अकरावा, चौदावा. ताशा थांबला तरी त्याला डोळे उघडवेनात. पाठीमागे सातुर्यो आहे असं त्याला वाटत होतं, आणि ते वाटणं घालवायची त्याची इच्छा नव्हती.

“कुणी शिकवलं?” शेवटी त्यानं विचारलं.

“बाबांनी.”

“कधी?”

“तुमचं ते झालं ना, त्याच्या पुढच्या वर्षीपासून. पंधरा-सोळाची होते. जुलै लागला की रोज, कोंबड्या आत घातल्या की अंगणात.”

“त्याची जागा शिकवली तुला.”

“नाही हो. मला तुमची दिली होती.” ती हसली. “त्यांना सरावाला फ्रुतोस हवा होता, आणि तुम्ही काही आमच्या अंगणात येणार नव्हतात. मग मीच फ्रुतोस व्हायची. चुकलं की म्हणायचे, असं नाही गं, फ्रुतोस असा नाही मारत. एवढी वर्षं मी तुम्ही होते, काका. आज पहिल्यांदा बाबा झाले.”

“मग फ्रुतोस कसा मारतो?”

तिचं हसू गेलं. तिनं लेआंद्रोकडे बघितलं, मग जमिनीकडे. “राहू द्या ना.”

“सांग.”

“आधी,” एलादिया म्हणाली. “आंधळीत आठव्यापासून पुढे तुम्ही ताशाच्या आधी येता. पूर्वी अगदी थोडं असायचं, बाबा सांभाळून घ्यायचे. त्या वर्षी अर्धा ठोका झालं. बाबा म्हणायचे, त्याला ते कळतच नाही. शेवट जवळ आला की त्याला आनंद आवरत नाही, म्हणून लवकर येतो. आपण आपला हात आधी नेऊन ठेवायचा, म्हणजे झालं.”

फ्रुतोसनं लेआंद्रोला विचारलं, “खरं का हे?”

लेआंद्रो ताशाचा पट्टा उगाच घट्ट करत होता. “मी ताशा वाजवतो, फ्रुतोस. मला कधी कुणी विचारलं नाही.”

“माउरो?”

“सातुर्योनं शपथ घातली होती,” माउरो म्हणाला. एरवी या माणसाच्या तोंडून थट्टेशिवाय वाक्य निघत नसे. “म्हणाला, फ्रुतोसला सांगाल तर तो मोजायला लागेल, आणि मोजायला लागला की त्याचा नाच जाईल. हात माझा आहे, मी बघून घेतो.”

फ्रुतोस खळ्यावरून उतरला. लाज माणसाला एकदम कळत नाही. ती आधी पायांना कळते. विहिरीपाशी वळायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही, आणि तो सरळ वाटेनं सातुर्योच्या दाराशी येऊन उभा राहिला. वाकड्या बोटांचा हात घेऊन तो माणूस पुढची दहा वर्षं दर ऑगस्टला आपला हात अर्धा ठोका आधी न्यायचा, फ्रुतोसचं चुकलेलं बरोबर दिसावं म्हणून. आणि तीच दहा वर्षं फ्रुतोस दुकानात बसून सांगायचा, आताशा वेळेवर येतो हो, धडा मिळाला त्याला. हे वाक्य त्याला आठवलं आणि त्यानं भिंतीला हात टेकला. खिळा रिकामा होता.

दारात सातुर्योची बायको बासिलिसा बुटक्या खुर्चीवर घेवडा सोलत बसली होती, काळ्या कपड्यांत. अकरा वर्षांत त्यानं या घरातल्या कुणाला हाक मारली नव्हती.

“बासिलिसा,” तो म्हणाला.

“खिळा बघायला आलास?”

“मला तुला सांगायचं होतं...”

“मला नको सांगूस.” तिनं मान वर केली नाही. “मी काही नाचत नाही. तुला सांगायचं असेल ते कुठे सांगायचं, ते तुला माहीत आहे.” शेंगा सोलून झाल्या होत्या, तरी ती रिकाम्या सालांत बोटं फिरवत राहिली. तो गेल्यावरच ती आत गेली.

पुढचे दोन दिवस फ्रुतोस मोजत होता. रानात कुऱ्हाडीच्या घावाबरोबर, घरात टेबलावर, चालताना पावलांबरोबर. एक, दोन, तीन. आठव्याला सावकाश, नवव्याला थांबून. तोमासानं विचारलं, काय चाललंय, तर म्हणाला, शिकतोय. साठीला आलेल्या माणसाला हे शोभतं का, असं काहीतरी तिच्या ओठांवर आलं होतं. त्याचा चेहरा बघून तिनं ते गिळलं. देवासमोर आणि त्या पोरीसमोर या वर्षी तरी ठोक्यावर यायचं, एवढंच त्यानं ठरवलं होतं. सातुर्योला देण्यासारखं त्याच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

सोळाला उन्हानं चौकातले दगड तापले होते. सान रोकेची पालखी निघाली आणि तिच्यापुढे सातजण देवाकडे तोंड करून, मागे मागे सरकत नाचू लागले. आठवी जागा मोकळी होती. फ्रुतोस तिच्यासमोर सगळ्या रस्त्यानं हवेत टिपरी मारत आला. रिवाजच तसा आहे. नुसत्या हवेत टिपरी मारली की हात खांद्यापासून दुखतो. पालखी चौकात टेकली. माउरोनं चाबूक वर धरला आणि घंटा थांबल्या, बाण थांबले. ज्या गलक्यावर फ्रुतोसनं एकदा भिस्त ठेवली होती, तो नव्हताच. दरवर्षी तो क्षणभर थांबतो, हे भीतीपायी त्याला आठवलं नव्हतं.

“तो उभा राहिला,” फ्रुतोस म्हणाला. “तो वेळेवर आला.”

आता नाव घ्यायचं होतं. फ्रुतोसनं नाव घेतलं नाही.

“आधी मी आलो,” तो म्हणाला. “त्या वर्षी, आंधळीत. मी आधी आलो आणि त्याची बोटं गेली. तो उशिरा आला असं मी तुम्हाला सांगत फिरलो. तो प्यायला होता असं कुणी म्हणालं, तेव्हा मी गप्प बसलो. तो प्यायला नव्हता. तो कधीच उशिरा आला नाही.”

असं काही बोलायला आमच्या रिवाजात जागा नाही. माउरोनं त्याला अडवायला हवं होतं. पण त्याचा चाबूक वरच राहिला. पाद्रीबाबांनी मान खाली घातली.

“एलादिया,” फ्रुतोसनं हाक मारली. “सातुर्योची मुलगी. ये.”

“बाई?” मागून एक म्हातारा कुरकुरला.

“परकर बाईचाच असतो,” तोमासा त्याच्याकडे न बघता म्हणाली. बासिलिसानं बाजूला होऊन लेकीला वाट दिली.

नाच सुरू झाला. उजव्या हाताच्या रांगेत तिसऱ्या जागेवर एलादिया. दहा गाठी कशा गेल्या ते फ्रुतोसला नंतर आठवेना. मग पाठीला पाठ लागली. तो मोजत होता. पाच, सहा, सात. आठव्याला त्यानं स्वतःला आवरलं, टिपऱ्या जेमतेम भेटल्या. नवव्याला मनापासून वाटलं, मार, आता मार. पण तो थांबला. आयुष्यात पहिल्यांदा तो ताशासाठी थांबला. आणि एलादियाचा हात, बापानं शिकवलेल्या जागी, आधीच आला होता. तिची टिपरी फ्रुतोसच्या उघड्या बोटांवर पडली.

तो आवाज लाकडाचा नव्हता. अकरा वर्षांपूर्वी त्यानं तो ऐकला होता, तेव्हा दुसऱ्या बाजूनं.

उरलेले पाच ठोके त्यानं मोजले नाहीत. ते त्यानं जसे तो नेहमी मारायचा तसे मारले, अर्धा ठोका आधी, जिथे ती होती तिथे. पाचही नीट पडले. मग देवाला पाठ न दाखवता तो मागे मागे सरकत देवळापर्यंत गेला, पालखी आत गेली, आणि तो पायरीवर बसला. करंगळी एका बाजूला गेली होती.

एलादिया धावत आली. तिचे ओठ पांढरे पडले होते. “काका, मी आधी आले. तुम्ही ठोक्यावर होतात, मी ऐकलं ना. माझंच चुकलं, मी आधी...”

“नाही,” फ्रुतोस म्हणाला.

“मी ऐकलं, काका.”

“तुझ्या बापानं सांगितलं तिथे तू आलीस. मला उशीर झाला.”

हे तो तिला बरं वाटावं म्हणून म्हणाला नव्हता. तसंच झालं होतं. आजूबाजूला माणसं जमली होती, त्यांतल्या कुणी विचारलं, काय रे फ्रुतोस, काय झालं? त्यालाही त्यानं तेच सांगितलं. “मला उशीर झाला.” बोलताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते बोटाचं नव्हतं, हे लपवायच्या भानगडीत तो पडला नाही.

गर्दीतून बासिलिसा पुढे आली. तिनं डोक्याचा काळा रुमाल काढून त्याची पट्टी फाडली, त्याच्याजवळ पायरीवर बसली आणि त्याचा हात मांडीवर ओढून घेतला. “सरळ धर,” ती म्हणाली. “त्याचा मी बांधला तेव्हा माझे हात कापत होते. म्हणून वाकडी जुळली.”

फ्रुतोसनं बोट सरळ धरलं. एलादिया दोन्ही टिपऱ्या छातीशी धरून समोर उभीच होती.

“पुढच्या वर्षी कसं मारू?” तिनं हळूच विचारलं. “आधी, की ठोक्यावर?”

“जुलै लागला की येईन,” तो म्हणाला. “कोंबड्या आत घाला, मी अंगणात येईन. मग बघू.”

बासिलिसानं पट्टीला गाठ मारली आणि उरलेलं टोक दातांनी तोडलं.